अर्थ लागत नाही

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत असे, ही गोष्ट आमच्या मोटारीला कोणीतरी समजावून सांगायला हवी होती. वर्गात वीज माझे मुकाट ऐकायची. फळ्यावर बॅटरी काढली, तिला दिवा जोडला आणि एक बाण मारला, की प्रवाह निमूटपणे त्या बाणामागून चालू लागे. १९८३ साली वर्ध्यात आम्ही एक जुनी मोटार घेतली आणि हा आज्ञाधारकपणा संपला.

मोटारीचे पुढचे दोन्ही दिवे मंद झाले. इतके मंद, की ते लागले आहेत की नाहीत हे पाहायला खाली उतरून काडी ओढावी लागे. मी निदान केले : बल्ब. नवे बल्ब आणले. उजेड तोच. मग फ्यूज बदलला. फ्यूज उडाला तर दिवा मंद होत नाही, पार विझतो, हे मी दरवर्षी मुलांना सांगत होतो, तरी बदलला. मग बॅटरी चार्जिंगला दिली. ती माहेरपण करून आल्यासारखी टवटवीत होऊन आली, हॉर्न खणखणीत वाजू लागला; दिव्यांचा मात्र उपास चालूच.

"अहो," सौ. म्हणाली, "तुम्ही वळायचा दिवा लावलात ना, की पुढचे मोठे दिवेसुद्धा डोळे मिचकावतात."

"त्याचा इथे काही संबंध नाही. ती सर्किट्स वेगळी आहेत," मी म्हणालो.

ती गप्प बसली. नवरा इंग्रजी शब्द वापरू लागला, की त्याला काही कळलेले नाही, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकली होती.

डिसेंबरात हिंगणघाटला एक लग्न होते. परतायला रात्र झाली. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली. कापसाचा हंगाम. सरकारची एकाधिकार खरेदी १९७२ पासून सुरू झालेली. केंद्रावर लवकर नंबर लागावा म्हणून बैलगाड्या रात्रीच निघत. मी आपला अंदाजाने चाललो होतो. एकाएकी काचेसमोर एक पांढरी भिंत उभी राहिली. सौ. ओरडली. मी असेल नसेल तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. मोटार थांबली तेव्हा ती भिंत म्हणजे कापसाने भरलेली गाडी आहे हे कळले. मध्ये अंतर उरले होते हातभर. मुलगी सीटवरून खाली पडून रडू लागली. चावी फिरवताना माझा हात थरथरत होता. सौ. एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

गाडीवान उतरून आला. "काहून जी, दिसत नाही काय?"

"दिवे गेले हो."

त्याने मोटारीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले. मग आसाखाली टांगलेला कंदील सोडला आणि गाडीच्या मागच्या बाजूला बांधला. "मंग या माह्या मांगं मांगं. हळू या."

अशी आमची वरात निघाली. पुढे बैल, मधे कंदील, मागे क्लच दाबत-सोडत बारा व्होल्ट आणि एक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. वायगावला पोचलो आणि उजाडेपर्यंत चहाच्या टपरीवर बसून राहिलो.

सकाळी वर्ध्यात वायरिंगचे काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याची सगळी प्रयोगशाळा म्हणजे होल्डरात बसवलेला एक बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. त्याने मोटारीचे दिवे लावायला सांगितले. एक वायर दिव्याच्या प्लगला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. बल्ब लख्ख पेटला. मग बॅटरीवरची वायर काढून दिव्याच्या काळ्या वायरीला लावली. बल्ब मरगळला.

"सर, करंट तर येऊन राह्यला. वापस जाऊन नाही राह्यला. अर्थ लागून नाही राह्यला."

आयुष्यात इतके अचूक वाक्य मी फार कमी वेळा ऐकले आहे. मोटारीत दिव्यापर्यंत वायर जाते. परतीचा प्रवास पत्र्यातून होतो. दिव्याची काळी वायर ज्या स्क्रूने पत्र्याला आवळलेली असते, तोच हा अर्थ. आमच्या मोटारीत दोन्ही बाजूंचे दिवे आणि इंडिकेटर मिळून स्क्रू एकच, आणि तो गंजलेला. पंचेचाळीस वॅटच्या दोन दिव्यांना साडेसात अँपिअर लागतात. वाटेत अर्ध्या ओहमचा जरी गंज बसला, तरी बारांपैकी जवळजवळ तीन व्होल्ट तोच खातो, आणि उजेड पावपट नव्हे, निम्म्याहून अधिक घटतो. हे गणित मी मिस्त्रीसमोर उभ्याउभ्या मनात केले. महिनाभर उशिरा.

काचकागदाने स्क्रू घासता घासता मिस्त्री म्हणाला, "इंडिकेटर लावला का मोठे लाइट मिचकत असतीन न सर? एकच अर्थ असला का तसंच होते. कोनाच्या ध्यानात नाही आलं काय?"

मी सौ.कडे पाहिले. ती समोरच्या दुकानाची पाटी फार लक्षपूर्वक वाचत होती.

"आलं होतं," मी म्हणालो. "सांगितलंही होतं. माझ्यापर्यंत येऊन पोचलं होतं." पुढचे मिस्त्रीच्या भाषेत सांगायचे, तर तिथे अर्थ लागला नव्हता.

मिस्त्रीने स्क्रू आवळला, वर बोटभर ग्रीस फासले आणि दोन रुपये घेतले. महिनाभरात बल्ब, फ्यूज, बॅटरी यांवर मी काय घालवले, तो आकडा मी आजही घरात काढत नाही.

घराच्या वळणावर भर सकाळी मी मोठे दिवे लावले आणि इंडिकेटरही. समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर दोन पिवळे गोल पडले. जराही मिचकले नाहीत.

सौ. त्या गोलांकडे बघत राहिली आणि रात्रीपासून पहिल्यांदा बोलली.

"वेगळी सर्किट्स आहेत, नाही का?"