लोहा आणि अहमदपूरच्या मधल्या पाझर तलावास



सरकारी दप्तरात तुला स्वतःचं नाव नाही. गावाच्या नावापुढे ‘पाझर तलाव क्रमांक २’ एवढीच तुझी ओळख. नांदेडहून लोह्यावरून लातूरकडे निघालेल्या एसटीतून तू दिसतही नाहीस. बालाघाटाच्या माळावर, दोन टेकाडांच्या बेचक्यात, मातीच्या बांधाला टेकून तू पडलेला असतोस. मोठी नावं इतरांची: विष्णुपुरीचा शंकरसागर, बारूळचं मानार धरण, लिंबोटी, आणि लातूर शहर ज्याच्याकडे डोळे लावून बसतं तो धनेगावचा मांजरा. त्यांच्यात किती टक्के पाणी उरलं ते पावसाळाभर पेपरात छापून येतं. तुझ्यात किती आहे हे विचारायला कोणी येत नाही. मी येतो, गळकाठी घेऊन येतो, आणि दिवसभर बसतो. म्हणून हे पत्र मला लिहावंसं वाटलं. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण यातलं मागणं तुझ्या एकट्याच्या हातातलं नाही.

तू दुष्काळातला. १९७२ साली आपल्याकडे पीक बुडालं. तेव्हा विहिरीत थोडंफार पाणी होतं पण कणगीत दाणा नव्हता, असं जुनी माणसं सांगतात. हाताला काम म्हणून सरकारने रस्ते काढले, खडी फोडायला लावली, नालाबांध घातले आणि तुझ्यासारखे तलाव बांधले. कडेवरचं लेकरू झाडाखाली निजवून बायकांनी डोक्यावरच्या पाट्यांनी तुझा बांध चढवला. कामावर सुकडी मिळायची, रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. तुझ्या पिचिंगवर बूड टेकताना मला नेहमी वाटतं, हा दगड कुणीतरी उपाशीपोटी इथे आणून ठेवलाय. बसायचं तर त्या कष्टाचा मान राखून बसावं.

तुझं काम पाणी मुरवण्याचं. तुला कालवा नाही, दरवाजा नाही. बांधाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा, पाण्याच्या अंगाला दगड, एका कडेला सांडवा. पाणी तुझ्या तळातून मुरमात उतरतं, मुरमातून काळ्या पाषाणाच्या भेगांत जातं आणि खालच्या शिवारातल्या विहिरींना लागतं. म्हणजे तू जितकं चोख काम करशील तितका लवकर आटशील. पाऊस चांगला झाला तर होळीपर्यंत टिकतोस, नाहीतर संक्रांतीच्या सुमारासच मधलं बेट उघडं पडतं. तुझ्यातल्या माशांचं सगळं आयुष्य या आठ-नऊ महिन्यांत बसवावं लागतं.

आषाढ-श्रावणात पाणी चढलं की मच्छीमार संस्थेचे लोक प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली आणतात. घाई करत नाहीत. पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवतात, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की तोंड सोडतात. बोटाएवढी कटला, रोहू, मृगळ. कधी जोडीला गवत्या नाहीतर चंदेरा. यातल्या कुणाला तुझ्यात अंडी घालता येत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. एके काळी रोहू-कटल्याचं बीज बंगालकडच्या नद्यांतून गोळा करून आगगाडीने देशभर पाठवलं जाई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून साचलेल्या पाण्यात या जातींची अंडी मिळवली, आणि तिथून गावोगावच्या तलावांत मासा पोचण्याची वाट मोकळी झाली. १० जुलै हा दिवस त्या कामासाठी मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मराठवाड्याच्या माळावर, जिथे वाहती नदी चार महिनेसुद्धा धड वाहत नाही, तिथल्या माणसाने चौधरींचं नाव आवर्जून लक्षात ठेवावं.

सायप्रिनस मात्र कुणाच्या टोचणीची वाट बघत नाही. हा परदेशातला, त्याचा बँकॉकहून आलेला वाण १९५७ मध्येच भारतात पोचला. तुझ्या काठाच्या पाणगवताला तो स्वतःच चिकट अंडी लावतो. इंग्लंडमध्ये छोट्या छोट्या तळ्यांवर दिवसाचं तिकीट काढून लोक ज्या कार्पसाठी पहाटेपासून बसतात, तो हाच मासा. तिथे बहुतेकजण त्याला जाळीने अलगद वर घेतात, ओल्या गादीवर ठेवून गळ सोडवतात आणि परत पाण्यात सोडतात. बऱ्याच ठिकाणी गळालाही उलटा काटा नसतो, म्हणजे ओठ फारसा फाटत नाही. हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यात तूच आहेस.

तुझ्याकडे यायचे माझे दिवस म्हणजे दसऱ्यापासून पौषापर्यंतचे. पाणी निवळलेलं असतं, मासा हाताएवढा झालेला असतो आणि थंडीने अजून त्याची भूक मेलेली नसते. नाल्याचं जुनं पात्र जिथे पाण्याखाली गेलंय ती जागा मला ठाऊक आहे; मासा त्याच वाटेने फिरतो. उजाडताना पाणी स्थिर असलं की तळातून बारीक बुडबुड्यांची ओळ वर येते. मृगळ नाहीतर सायप्रिनस चिखल उकरतोय असं समजावं. रोहू त्यांच्या वर, मधल्या पाण्यात चरतो आणि कटला सगळ्यांत वर.

आधी चारा टाकायचा. करडईची किंवा शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवलेली, त्यात भाजलेलं पीठ, लिंबाएवढे गोळे करून एकाच जागी. मग निदान अर्धा तास पाण्याला हात लावायचा नाही. गळाला लावायची कणीक हळद-हिंग घालून घट्ट मळायची आणि मळतानाच तिच्यात कापसाचे तंतू मिसळायचे, म्हणजे पाण्यात विरत नाही. आपल्या भागात कापसाला काय तोटा! तंगूस बारीक घ्यावा, मोरपिसाचा दांडा बूच म्हणून बांधावा. पहिल्यांदा येतात त्या चिलापी. कुरतडून कुरतडून पिसाला नाचवतात. तेव्हा काठी उचलायची नाही. रोहू आला की पीस आधी जरा वर उठतं, आडवं होतं, आणि मग ठरवून निघाल्यागत एका दिशेला चालू लागतं. त्या क्षणी मनगटात जे होतं त्यासाठी माणूस पहाटे चारला उठून मोटारसायकलवर कुडकुडत इथवर येतो. किलोभराचा रोहूसुद्धा दोनदा-तीनदा दोरा पळवतो. त्याला जबरदस्तीने ओढलं तर दोरा तुटतो, आणि तोंडात गळ अडकलेला मासा पाण्यात राहतो. म्हणून घोळवत आणावं, दमू द्यावं.

न टाकण्याचेही दिवस असतात. मरळीच्या जोडीभोवती तांबूस पिलांचा पुंजका दिसला की तिकडे गळ फेकायचा नाही. नर-मादी पिलांची राखण करत असतात, त्यांना काढलं तर इतर मासे पिलांचा फडशा पाडतात. आणि ढगाळ रात्रीनंतर पहाटे मासे वर येऊन तोंड वासताना दिसले, तर तुझ्या पाण्यातला प्राणवायू कमी पडलाय. त्या दिवशी काठी पिशवीतून काढूच नये. संस्थेच्या राखणदाराला जाऊन सांगावं.

या नादाला रिकामटेकडेपणा म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांना मी निलंग्याच्या पलीकडे, सीमेपारच्या बसवकल्याणकडे बोट दाखवतो. तेच चालुक्यांचं कल्याणी. बाराव्या शतकात तिथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच घातलंय. माशांच्या जाती, त्या राहतात कुठे, त्यांना चारा कसला घालावा, काठी आणि दोरा कसा असावा, सगळं त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांना त्याचं इतकं अप्रूप वाटलं की १९५१ मध्ये त्यांनी या एका प्रकरणावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र आहे. पाणी अडवायचं आणि अडवलेल्या पाण्याकाठी बसून त्याच्याकडे बघायचं, या दोन्ही गोष्टी या मुलखाला जुन्या आहेत. आपण मधल्या मधे दुसरी विसरलो.

आता मागणं.

तुझ्यावर हक्क मच्छीमार सहकारी संस्थेचा आहे आणि तो तिचाच राहावा. ठेक्याचे पैसे ती भरते, बीज ती टाकते, राखण ती करते. भोई समाजातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. माझ्यासारख्याच्या हौसेसाठी त्यातला एक मासाही फुकट जाऊ नये. पण आज गळवाला काठावर दिसला की राखणदारापुढे दोनच वाटा असतात. एक तर हाकलायचं, नाहीतर चहापाण्याला घेऊन डोळेझाक करायची. दोन्हीत संस्थेच्या हाती काही लागत नाही. मला तिसरी वाट हवी: दिवसाची पावती. मुंबईत पवईच्या तलावावर महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन कित्येक दशकं गळाची मासेमारी शिस्तीत चालवते आहे. तिथे जमतं ते इथे का जमू नये?

माझ्या मनातली पावती अशी. एक माणूस, एक काठी, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. उलटा काटा चिमट्याने दाबलेला गळ. दोन मासे घरी न्यायचे, तेही संस्थेच्या भावाने वजन करून, पैसे मोजून. बाकी ओल्या हातांनी सोडून द्यायचे. बोटुकली सोडल्यापासून दसऱ्यापर्यंत काठ बंद. लहान पोरांना मोठ्या माणसाशिवाय येऊ द्यायचं नाही, कारण मुरूम उपसून झालेले उभे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. काठावर बाटली नाही, प्लास्टिक नाही. संस्थेची मोठी विक्री जाळं ओढल्यावर माघ-फाल्गुनात होते; त्याआधीचे तीन महिने नुसता राखणीचा खर्च असतो. पावतीचे पैसे नेमके तेव्हा येतील.

आणि पावतीवर एक रकाना मला हवाच आहे: आज पाणी बांधाच्या कितव्या दगडाला आहे.

२०१६ चा एप्रिल तुला आठवत असेल. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. मोठी धरणं आटली याची नोंद दप्तरात आहे. तुझ्यासारखे किती पाझर तलाव त्याआधी कधी आणि कोणत्या क्रमाने कोरडे पडले, हे कुणी लिहून ठेवलं? तू आटलास की मागोमाग खालच्या विहिरी आटतात. तुझा आकडा हाताशी असता तर त्या शिवाराला महिना-दीड महिना आधी कळलं असतं, उसाऐवजी हरभऱ्यावर भागवावं की नाही हे ठरवता आलं असतं. कुणी रात्री मोटार टाकून तुझं पाणी ओढतंय हेही त्या आकड्यात दिसलं असतं. असा आकडा रोज लिहायला पगारी माणूस कोण ठेवणार? दिवसभर पाण्याकडेच बघत बसणारा माणूस ते फुकट करील, वर पैसे देऊन करील.

म्हणून पावतीला तळरेषाही असावी. पाणी एका ठरलेल्या दगडाखाली गेलं की पुस्तक बंद. उरलेलं पाणी जनावरांचं, मासा संस्थेचा. आणि तळ उघडा पडला की त्याच वैशाखात गाळ काढायला लावायचा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. गाळ शेतकऱ्याच्या रानात जातो, तुझी खोली वाढते, मुरणंही सुधारतं. गाळ कुठे किती साचलाय हे दाखवायला मी स्वतः येईन. तुझा तळ मी वर्षानुवर्षं दोऱ्याला शिसं बांधून चाचपलाय.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. त्याआधी संस्थेच्या लोकांशी बसून दर ठरवायचा आहे. माझ्या मते शंभर रुपये रास्त आहेत, गावातल्या पोरांना वीस. पहिलं पावतीपुस्तक मी छापून देतो. बांधाच्या दगडांवर रंगाने आकडे घालायला शाळेतली दहावीची मुलं तयार आहेत, फक्त तुझं पाणी चढायच्या आत ते व्हायला हवं. तेव्हा यंदा मृगात पहिला जोराचा पाऊस आलाच, तर आम्हाला आठ दिवसांची उसंत दे.

तुझा,
सांडव्याच्या बाजूला बसणारा