तेलकट चेहऱ्याची बाजू

आमच्या वाचनात आलेल्या मराठी कथा-कादंबऱ्यांनी चेहऱ्यावर पुष्कळ लिहिले, त्वचेवर फारसे नाही. नायिकेची कांती नितळ असते, तुकतुकीत असते. दुपारी दोन वाजता तिच्या नाकाच्या शेंड्यावर जमणारे तेल लेखकाला दिसत नाही. शब्दांचा पक्षपातही पाहण्याजोगा आहे. चकाकी तीच, पण साधुपुरुषाच्या मुखावर ते 'तेज', नवरीच्या मुखावर 'तजेला', आणि गर्दीच्या लोकलमधून उतरणाऱ्या मुलीच्या मुखावर 'तेलकटपणा'.

वास्तविक हे तेल म्हणजे त्वचेतल्या ग्रंथींचे नित्यकर्म. त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्या ते स्रवतात. ते किती स्रवावे हे आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात. म्हणूनच वयात येताना त्याला भर येतो. त्यात स्वच्छतेचा वा शिस्तीचा दोष नाही. 'तेलकट कातडी राठ, तिला काही होत नाही' हा समज तर सर्वांत घातक. तेलकट त्वचा नाजूकही असू शकते.

आमच्या सतरा वर्षांच्या भाचीच्या चेहऱ्याने याची किंमत मोजली. घरात लग्न निघाले, आणि 'जरा उजळ दिसेल' म्हणून एका पार्लरात तिच्या मुरुमांवरच ब्लीच लावण्यात आले. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. दोन्ही गाल लालबुंद झाले. त्यावर शेजारच्या काकूंनी लिंबू आणि खायचा सोडा सुचवला. निरोगी त्वचेचा सामू साधारण ५, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर. पोरीच्या गालांनी किती टोके गाठायची? शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, "आधी सगळे बंद करा."

त्वचा शांत झाल्यावर घरात जे सुरू झाले त्याला 'फेशियल' म्हणणे म्हणजे मोठे नाव सोनुबाई. पण ते चालले. दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश. घासणे नाही, अक्रोडाचे स्क्रब नाही, कडक वाफारा नाही. आठवड्यातून एकदा दोन चमचे मुलतानी माती नुसत्या पाण्यात वा साध्या गुलाबपाण्यात कालवून लावायची. पूर्वी लोकरीतला तेलकटपणा काढण्यासाठी अशीच माती वापरीत. तेल शोषणे हा तिचा गुणच. पण चेहरा म्हणजे लोकर नव्हे. म्हणून आठ-दहा मिनिटांत, माती पुरती वाळून तडकण्याआधीच, ओल्या मऊ कापडाने अलगद पुसून घ्यायची. नंतर हलके, बिनवासाचे मॉइश्चरायझर, आणि दिवसा बाहेर पडताना एसपीएफ ३० चे सनस्क्रीन. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावी. हळद, मध, बेसन 'घरचे' आहे म्हणून त्याला सूट नाही. मातीची पुडी पन्नासेक रुपयांत येते आणि महिनोन्महिने पुरते.

यातून भाची गोरी झाली नाही. तसे अभिप्रेतही नव्हते. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातले 'फेअर' काढले. लग्नाच्या बोलण्यांतून ते अद्याप निघायचे आहे. तोवर 'उजळ' होण्यासाठी स्टेरॉइडमिश्रित मलमे चेहऱ्यावर चोळली जातात, आणि त्वचा पातळ होते, मुरूम वाढतात, मलम सोडताच चेहरा पेटतो. २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई झाली. तरी औषधाच्या दुकानात 'ते मलम द्या' म्हणणारे आपल्याच घरातले असतात.

सावळ्या विठ्ठलापुढे डोळे मिटून उभे राहणाऱ्या समाजाने सावळ्या मुलीपुढे डोळे वटारावेत, हे काही मातीच्या लेपाने धुऊन निघणारे नव्हे. लेपाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी की चेहरा थोडा हलका वाटावा. गाठीसारखे दुखरे फोड येत असतील, खड्डे पडत असतील, तर वाटी बाजूला ठेवून सरळ सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. तिथली रांग मोठी असते, पण पार्लरच्या एका बैठकीपेक्षा ती स्वस्त पडते. आणि तिथे निदान प्रश्न आजाराचा विचारतात, रंगाचा नाही.