गल्ल्याचा साचा

इंग्रजी विकिपीडियावरून चित्रपटमालिकांच्या कमाईचं कोष्टक मराठीत आणलं की मागोमाग सगळं बिऱ्हाड येतं: अमेरिका-कॅनडा, इतर देश, जागतिक, दोन प्रकारची क्रमवारी, निर्मितीखर्च. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग (२०१०, २०१५, २०१८) यात बसवून बघावेत. पान भरतं ते नुसत्या आडव्या रेघांनी.

म्हणून मराठी साचा (टेम्प्लेट) करताना क्रमवारी आधी उडवली. ती दर शुक्रवारी शिळी होते.

साच्याच्या कोडात डोकावलं तर ‘हे भरलं असेल तर ते दाखव’ अशा अटी एकात एक. शेवटी महिरपी कंसांची अशी रांग, की एक निसटला तर अख्खं कोष्टक पानभर सांडतं. आता एका चित्रपटाला एक ओळ. पाच रकाने: चित्रपट, वर्ष, गल्ला, प्रकार, संदर्भ. नवख्यालाही भरता येतात.

बेरीज साच्यानेच करावी, असा आग्रह होता. गणित करणाऱ्या फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत. ‘३५’ दिसले की लाल अक्षरांत चूक दाखवतं. त्यावर ‘फॉर्मॅटनम’चा उपाय आहे, ‘आर’ जोडला की तो देवनागरी आकडे इंग्रजी करून देतो. पण कुणी ‘३५ कोटी’ असं अक्षरांसकट लिहिलं, की पुन्हा तेच.

बेरजेतली खरी गोची तंत्रातली नाहीच. ग्रॉस, नेट आणि शेअर या तीन वेगळ्या गोष्टी. तिकीटखिडकीवर जमा झालेला पैसा ग्रॉस, कर वजा जाता नेट, थिएटरवाल्याचा हिस्सा काढून वितरकाच्या हाती येतो तो शेअर. बातमीत तिन्हींना ‘कमाई’च म्हणतात, आणि आकडा बहुतेकदा निर्मात्याच्या पोस्टरवरून उचललेला. त्यात महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, म्हणजे तिथे ग्रॉस आणि नेट जवळजवळ एकच. १ जुलै २०१७ला जीएसटी आला नि दोघांत फट पडली. ‘टाईमपास’चे पहिले दोन भाग (२०१४, २०१५) फटीच्या अलीकडचे, तिसरा (२०२२) पलीकडचा. यांची बेरीज कसली डोंबलाची? म्हणून ‘प्रकार’ हा रकाना सक्तीचा ठेवला आणि बेरजेची ओळ काढली.

ती करमाफीही महाराष्ट्र सरकारची होती, म्हणजे राज्याच्या हद्दीपुरती. केरीच्या धक्क्यावरून फेरीने तेरेखोलला उतरलं तरी आपण गोव्यातच असतो. महाराष्ट्र लागतो तो पुढे, रेडीकडे जाताना. करमणूक कराच्या काळात सावंतवाडीतलं तिकीट एका कायद्याखाली होतं, म्हापशातलं दुसऱ्या. वितरणाच्या हिशेबात मात्र गोवा मुंबई सर्किटमध्ये धरलेला, त्यामुळे पेडण्याच्या प्रेक्षकाने दिलेले पैसे मुंबईच्या आकड्यात मुरतात. गोव्यातल्या एका उत्साही पोराने विचारलं, ‘गोव्यासाठी वेगळो रकानो नाका?’ हवा होता. भरणार कुठून?

‘झपाटलेला’ १९९३चा, ‘झपाटलेला २’ २०१३चा आणि थ्रीडी. तिकिटाचे दर वीस वर्षांत कुठल्या कुठे गेले, वर चष्म्याचं निमित्त. दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की वाचणारा दुसऱ्याला मोठं यश समजणार. महागाई वजा करणारा रकाना सुचवला गेला. मी विरोध केला. कुठला निर्देशांक धरायचा यावरच विकिपीडियाच्या चावडीवर चर्चेत पावसाळा निघेल.

रिकामा गल्ला ‘०’ दिसू नये, एवढी एक अट मात्र ठेवली आहे. शून्य हाही आकडाच, आणि तो कुणीतरी बातमीत उचलतो.