पन्नाशीनंतरची मांड

वाचकहो, घरातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना मी गेली अनेक वर्षे एक सल्ला देत आले आहे : आठवड्यातील दोन तास केवळ स्वतःसाठी राखून ठेवा. तो मी स्वतः कधी पाळला नव्हता, ही कबुली आधीच देते.

मी इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिस करते. स्मृतिभ्रंश झालेली माझी आई आमच्याकडेच असते. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिने एकच प्रश्न पाचव्यांदा विचारला आणि मी तिच्यावर ओरडले. “माझं काही चुकलं का गं?” तिने घाबरून विचारले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

विद्यार्थिदशेत मी थोडी घोडेस्वारी केली होती. येथील एका मैत्रिणीच्या पागेत अठरा वर्षांचा एक अरबी घोडा आहे. शनिवारी सकाळी माझे पती आईजवळ थांबू लागले आणि मी पागेत जाऊ लागले. खरारा करायचा, खुरांतील माती काढायची, खोगीर चढवून मैदानात संथ फेऱ्या मारायच्या. हिवाळा असा गेला. मग मैत्रीण म्हणाली, “उन्हाळ्यात ह्याला प्रदर्शनात घेऊन उतर.”

ब्रिटनमध्ये अरब हॉर्स सोसायटी १९१८ पासून कार्यरत आहे आणि अरबी घोड्यांच्या प्रदर्शनांत स्वारीचे स्वतंत्र वर्ग असतात. ही शर्यत नव्हे. येथे अडथळ्यांवरून उड्याही नसतात. सारे स्वार रिंगणात एकत्र फिरतात. प्रथम साधी चाल, मग दुडकी, मग त्याहून वेगाचा कॅन्टर, आणि तेही दोन्ही दिशांनी. नंतर परीक्षक सर्वांना ओळीत उभे करतात व प्रत्येक जण आपल्या घोड्याची छोटी फेरी दाखवतो. बहुधा शेवटी खोगीर उतरवून घोड्याची ठेवणही पाहिली जाते. अंतर्वक्र चेहरा, रुंद नाकपुड्या आणि उंच धरलेली शेपटी हे या जातीचे सौंदर्य. म्हणून शुद्ध अरबी घोड्याच्या आयाळीच्या वेण्या घालत नाहीत. ती मोकळीच ठेवतात. नवख्याने आधी एकदा प्रेक्षक म्हणून जाऊन सारे पाहावे, नियमपत्रक नीट वाचावे आणि आरंभ लहान, स्थानिक प्रदर्शनापासून करावा. वयस्क घोड्यांसाठी ‘व्हेटरन’ वर्ग असतो. आम्ही दोघांनी तोच निवडला.

आता डॉक्टर म्हणून चार गोष्टी. पन्नाशीनंतर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, घोड्यावर बसण्यापूर्वी हाडांच्या घनतेविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्यावर पडणे जिवावर बेतू शकते. अशांनी स्वारीचा आग्रह धरू नये. घोड्याला खरारा करण्यातही आनंद आहे. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतलेली असावी. हेल्मेट प्रमाणित आणि आपल्या मापाचे असावे; एकदा जोराने आपटले की ते बदलावेच. घोड्यावर चढताना पायरी वापरावी. आपली कंबर आणि घोड्याची पाठ दोन्ही जपल्या जातात.

प्रदर्शनाच्या दिवशी घरातून निघताना आई माझा हात सोडीना. कसाबसा सोडवून घेतला, पण मन तिच्यापाशीच राहिले. रिंगणात शिरले तेव्हा माझे खांदे ताठ होते, श्वास अडकलेला होता. अरबी घोडा मोठा संवेदनशील. माझा ताण त्याला तत्काळ कळला. त्याने कान मागे नेले, पाठ आखडली, कॅन्टरही चुकीच्या पायावर सुरू केला. सहा जणांत आम्ही सहावे आलो. परीक्षक बाई हसून म्हणाल्या, “घोडा उत्तम आहे. तुम्ही श्वास सोडला असता, तर त्यानेही सोडला असता.”

परतताना गाडीत मला तेच वाक्य आठवत राहिले. स्मृतिभ्रंशात शब्द विसरले जातात. पण समोरच्याचा आवाज, हाताचा स्पर्श, कपाळावरची आठी हे सारे रुग्णाला दीर्घकाळ कळत राहते. आई घाबरत होती ती माझ्या उत्तराला नव्हे, माझ्या आखडलेल्या शरीराला. हे मी पुस्तकात वाचले होते, इतरांना समजावलेही होते.

आता तिच्या खोलीच्या दाराशी मी क्षणभर थांबते. खांदे सैल करते, दीर्घ श्वास सावकाश सोडते आणि मगच आत जाते. प्रश्न अजूनही पाच वेळा येतो. दर वेळी मला जमते असे नाही. पण ओरडणे फार कमी झाले आहे.

वाचकहो, तुम्हाला घोडाच हवा असे नाही. भजनी मंडळ असेल, बाग असेल, नदीकाठचा फेरफटका असेल. मात्र ते दोन तास आपल्या रुग्णाजवळ कोण बसेल, हे आजच घरात विचारा आणि ते नाव दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आमच्या दिनदर्शिकेवर दर शनिवारी माझ्या पतींचे नाव आहे. येत्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा रिंगणात उतरणार आहोत. पाचवा क्रमांक आला तरी पेढे वाटीन.