ट्रलीच्या शेकोटीपाशी

गेल्या मे महिन्यात भाचीकडे ट्रलीला जाण्याचा योग आला. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, केरी काउंटीत हे गाव. गाडीतून उतरताच धुराचा वास आला आणि मला थेट आजोळची चूल आठवली! "मामा, तो टर्फचा वास," भाची म्हणाली. टर्फ म्हणजे बॉगमधून, दलदलीतून, कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. आपल्या गोवऱ्यांसारख्याच रचतात.

दुसऱ्या दिवशी तिचे शेजारी, सत्तरीचे गृहस्थ, आम्हाला गावाच्या ईशान्येला स्टॅक्स डोंगरात आपली टर्फची पट्टी दाखवायला घेऊन गेले. कापलेली कड माझ्या उंचीची. ही माती वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, म्हणजे तळाशी उभे राहिले की आपण पार सातवाहनांच्या काळाजवळ! शेवाळ मरते, पण पाण्याखाली हवा नसल्याने पुरते कुजत नाही. कार्बन आतच कोंडून राहतो. कडेचा चर बघून मी सवयीने म्हणालो, "निचरा छान केलाय." म्हातारबुवा नुसते हसले. पाणी हेच इथले कुलूप. निचरा झाला की हवा शिरते, माती कुजते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

सैबेरियात, उत्तर कॅनडात कुलूप बर्फाचे. तिकडच्या गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. जमीन वितळून खचली आणि पाणी साचले की मिथेन, सुकली की कार्बन डायऑक्साइड. त्याने हवा आणखी तापते, आणखी जमीन वितळते. इथला चर माणूस फावड्याने खणतो. तिथले कुलूप आपल्या गाड्या-विमानांच्या धुरानेच निघते आहे. (दरवर्षी पुण्याच्या वाऱ्या करणारे आपणही त्यात आलोच!)

याच डोंगरात ऑगस्ट २००८ मध्ये बॉगचा एक उतारच सुटला. तिथे पवनचक्क्यांसाठी रस्त्याचे काम चालले होते. नव्वद टक्के पाणी असलेल्या मातीवर भार टाकल्यावर दुसरे काय होणार? काळा लोंढा नदीत उतरला. स्वच्छ विजेच्या कामात हे व्हावे, याचे इंजिनियर म्हणून मला फार वाईट वाटले.

३१ ऑक्टोबर २०२२ पासून टर्फ दुकानात विकायला बंदी आहे. हक्काच्या पट्टीतला घरी जाळायला मुभा आहे. "आमच्या आजोबांपासून हेच जळण," म्हातारबुवा म्हणाले. संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो. बाहेर पाऊस, आत टर्फची ऊब. मी खुर्ची थोडी पुढे ओढली.