मागच्या फळीचे यंदा काय?

जून महिना लागला की आपल्या आवारात एक प्रश्न ठरलेला असतो. "यंदा महाविद्यालयाचा संघ कसा आहे? गोल कोण मारणार?" फाटकाशी उभे राहून पालक विचारतात, कॅन्टीनमध्ये मुले विचारतात आणि विश्वस्तांपैकी जे तरुणपणी खेळले आहेत तेही हेच विचारतात. गोल कोण अडवणार, असे मात्र आम्हाला आजवर कोणीच विचारले नव्हते. यंदा क्रीडाशिक्षकांनी विचारले आणि वर सांगितले, "अंकासाठी लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे चौघे जण. याच शाळेत शिकलो, याच महाविद्यालयाकडून खेळलो, आणि चौघेही मागच्या फळीत. आज एक बँकेत आहे, एक वीज खात्यात, एक दुकान सांभाळतो आणि एक याच संस्थेत शिकवतो. गुडघे आता साथ देत नाहीत, पण गेली काही वर्षे संध्याकाळी मैदानावर येऊन बचावातील मुलांना चार गोष्टी सांगतो. यंदाच्या बचावाचा अंदाज देण्यापूर्वी गेल्या वर्षीचा हिशेब मांडणे भाग आहे, कारण त्यात आमच्याही नावावर बाकी निघते.

गेल्या हंगामातला आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामना अनेकांनी पाहिला असेल. पाऊस पडत होता, आपण एक गोलने पुढे होतो आणि शेवटची दहा मिनिटे उरली होती. त्या दहा मिनिटांत आपल्यावर दोन गोल झाले. दुसरा गोल कॉर्नरवरून झाला. चेंडू उंच आला. आपल्या स्टॉपरला वाटले गोलकीपर घेईल, गोलकीपरला वाटले स्टॉपर मारेल. चेंडू दोघांच्या मध्ये पडला आणि समोरच्या मुलाने तो नुसता आत ढकलला.

आम्ही रेषेबाहेर उभे होतो. आम्ही गोलकीपरचे नाव घेऊन ओरडलो. जे ओरडलो ते इथे छापण्यासारखे नाही. त्याचे वडील आमच्यापासून दहा पावलांवर छत्री धरून उभे होते, हे आम्हाला नंतर कळले. पुढच्या आठवड्यात तो मुलगा सरावाला आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. "अभ्यास आहे," असा निरोप आला. आम्हीही मनात म्हटले, बरे झाले, नवा गोलकीपर शोधू.

मग एका पालकांनी मोबाइलवर टिपलेले सामन्याचे चित्रण आमच्याकडे आले. एका रविवारी आमच्यापैकी एकाच्या घरी बसून आम्ही ते पाहिले. तो कॉर्नर तीन वेळा पाहिला, चौथ्या वेळी कोणी बोलेना. लेफ्ट बॅक वर गेला होता तो परतलाच नव्हता. त्याची जागा भरायला हाफ मागे आला नव्हता. आणि आपला स्टॉपर गोलसमोरची जागा सोडून स्वतःच्या माणसामागे बाहेर गेला होता आणि चेंडू येताना धावत परत येत होता. तो बाहेर का गेला? कारण आम्ही वर्षभर त्याला एकच गोष्ट सांगितली होती, "काही झाले तरी तुझा माणूस सोडू नकोस." त्याने आमचे ऐकले होते. चोवीस फूट रुंद गोलात एक मुलगा एकटा उभा होता आणि आम्ही सगळा दोष त्याच्या पदरात टाकून घरी गेलो होतो.

आम्ही त्याच्या घरी गेलो. आईने चहा केला, वडील फारसे बोलले नाहीत. आमच्यापैकी जो सर्वांत मोठ्याने ओरडला होता त्यानेच आधी माफी मागितली. मुलगा खाली बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, मी 'माझा' म्हटलं होतं. पण हळू म्हटलं."

परत येताना आम्ही त्या वाक्यावरच बोलत होतो. वर्षभर आम्ही मुलांना पळायला शिकवले, उडी मारायला शिकवले, पाय कधी घालायचा आणि कधी नाही ते शिकवले. बोलायला शिकवले नव्हते. वर्गात मोठ्याने बोलू नये, मोठ्यांसमोर आवाज चढवू नये, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण बचावात गप्प राहणारा मुलगा शेजारच्याला अंधारात ठेवतो. फॉरवर्डला चेंडू समोर दिसतो. बचावाच्या खेळाडूला पाठीमागून कोण येतो आहे हे फक्त मागचा साथीदारच सांगू शकतो.

यासाठी दूरची उदाहरणे शोधायला नकोत. १९८३-८४ च्या संतोष करंडकात आपल्या गोव्याने एकही गोल न स्वीकारता विजेतेपद मिळवले. गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर होते. त्यांना पुढे १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. डेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा देशाचे विजेतेपद पटकावले. त्यातल्या नंतरच्या वर्षांत महेश गवळी आणि समीर नाईक ही स्टॉपरची जोडी मागे उभी असे. आमच्यातल्या दोघांनी ती जोडी फातोर्ड्याच्या मैदानावर पाहिली आहे. एक पुढे गेला की दुसरा आपसूक त्याच्या मागे सरके. तेव्हा आम्हाला ते नशीब वाटे. आता कळते की ती सवय होती, आणि सवय रोजच्या सरावातून लागते.

म्हणून यंदा जुलैपासून सरावाची पद्धत बदलली. पहिले तीन आठवडे मागच्या फळीला चेंडूच दिला नाही. आमच्यापैकी एकाने घरून काथ्याची दोरी आणली. चौघा मुलांच्या कमरेला ती बांधली, दोघांमध्ये आठ-दहा पावलांचे अंतर ठेवून. आम्ही हात दाखवू त्या बाजूला चौघांनी एकदम सरकायचे. एक जण मागे राहिला की दोरी ताणते, एक जण घाईने पुढे गेला की सगळे ओढले जातात. पहिल्या दिवशी सगळे चिखलात पडले आणि कॅन्टीनपर्यंत हसू ऐकू गेले. इटलीत एसी मिलान संघाचे प्रशिक्षक आरिगो साक्की हेही आपल्या खेळाडूंना चेंडूशिवाय जागा धरण्याचा सराव देत, आणि त्या संघाने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन चषक जिंकला, हे आम्ही मुलांना सांगितले. त्यानंतर हसणे थोडे कमी झाले.

बोलण्याचाही सराव सुरू केला. त्यात एक वेगळीच अडचण आली. शब्द कोणता वापरायचा? शाळेत मुले मराठीत शिकली, बहुतेकांच्या घरी कोकणी, आणि यंदाच्या लेफ्ट बॅकच्या घरी कन्नड. घाईच्या वेळी तोंडातून घरचाच शब्द निघतो. कोणी "माझा" म्हणे, कोणी "म्हजो", आणि लेफ्ट बॅक "नंदु" म्हणे. आम्ही आधी एकच शब्द ठरवायला निघालो होतो. पण मुलांनीच दोन दिवसांत एकमेकांचे शब्द शिकून घेतले. आता नियम एवढाच आहे की शब्द कोणताही चालेल, पण तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला पाहिजे.

आता अंदाज. उगाच आशा दाखवणार नाही.

गेल्या वर्षीच्या फळीतले दोघे पदवी घेऊन बाहेर पडले. एक स्टॉपर उरला आहे, तोच जो आमचे ऐकून बाहेर गेला होता. यंदा तो फळीचा प्रमुख आहे. माणसापेक्षा जागा सांभाळायची हे त्याला पटले आहे, अंगवळणी अजून पडायचे आहे. त्याच्या जोडीला याच शाळेतून आलेला नवा मुलगा आहे. शांत डोक्याचा, पण उंचीने कमी. उंच चेंडूंवर तो कमी पडेल, अशी शंका अनेकांनी आमच्याकडे बोलून दाखवली. आम्ही त्यांना फाबिओ कान्नावारोची आठवण देतो. जेमतेम पावणेसहा फुटांचा हा स्टॉपर २००६ च्या विश्वचषकात इटलीचा कर्णधार होता. सात सामन्यांत त्यांच्यावर फक्त दोन गोल झाले, त्यातला एक स्वयंगोल आणि एक पेनल्टी. उडीची वेळ साधली तर दोन इंच भरून निघतात. आपला मुलगा रोज लटकत्या चेंडूवर डोके मारण्याचा सराव करतो आहे.

राइट बॅक भरवशाचा आहे. लेफ्ट बॅक सर्वांत वेगवान, पण वर गेला की परतायचे विसरतो. ही जुनीच दुखणी आहे. त्यावर उपाय म्हणून तो वर जाताना हाफला हाक मारतो, आणि हाफने हात वर केल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरले आहे.

दोन्ही स्टॉपर धावण्यात मध्यम आहेत. त्यामुळे फळी फार पुढे नेऊन ऑफसाइडच्या भरवशावर राहणे यंदा आपल्याला परवडणारे नाही. आणखी एक. २०१९ च्या नियमबदलानंतर गोल-किक मारताच चेंडू खेळात येतो, त्यामुळे साथीदार पेनल्टी क्षेत्राच्या आतच तो घेऊ शकतो. टीव्हीवर पाहून मुलांना तसेच खेळायचे असते. आमचे म्हणणे असे, की दिवाळीपर्यंत आपल्या मैदानावर गोलसमोर डबके असते, तोवर किक लांब मारावी. जमीन सुकली की हवे तसे खेळावे.

थोडक्यात, गोल होतील. सुरुवातीच्या सामन्यांत गेल्या वर्षीपेक्षा जास्तही होतील, कारण जागा सांभाळण्याची पद्धत नवी आहे. पण दोघांच्या मध्ये चेंडू पडला आणि दोघेही गप्प, असा गोल होऊ नये, यासाठी आमची धडपड आहे.

यात पालकांची आणि विश्वस्तांची साथ हवी. दोन पालकांनी शिकवणीसाठी मुलांना सरावातून सोडावे असे सांगितले आहे. त्यांची काळजी खोटी नाही, आम्हीही मुलांचे बाप आहोत. पण फॉरवर्ड भिंतीवर चेंडू मारून एकटा सराव करू शकतो, चौघांची फळी तिघांत होत नाही. म्हणून आठवड्यातले तीनच दिवस, संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात, एवढेच मागतो. बाकी सगळे दिवस पुस्तकांचे. विश्वस्त मंडळाला विनंती इतकीच, की दोन्ही गोलांसमोर थोडी माती टाकून पाणी वाहून जाण्यासाठी एक चर काढून द्यावा. आणि प्रेक्षकांना विनंती, की चूक झाली तर मुलाचे नाव घेऊन ओरडू नका. ओरडून काय होते ते आम्ही पाहिले आहे.

राहिला गोलकीपर. आम्ही घरी गेलो त्या दिवशी त्याने येतो किंवा येत नाही असे काहीच सांगितले नव्हते. जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी तो हातमोजे पिशवीत घेऊन आला आणि काही न बोलता गोलमध्ये जाऊन उभा राहिला. आम्हीही काही विचारले नाही. मागच्या शनिवारी आपसातल्या सामन्यात कॉर्नर मिळाला, चेंडू तसाच उंच आला. "म्हजो!" अशी आरोळी आली आणि कॅन्टीनच्या पायरीवर झोपलेले कुत्रे उठून उभे राहिले. तो पुढे झेपावला, नव्या स्टॉपरला धडकला, दोघेही पडले आणि चेंडू त्याच्या मुठीला लागून बाहेर गेला. पुन्हा कॉर्नर. तसे पाहिले तर साधलेले काहीच नव्हते, तरी आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे वडीलही त्या दिवशी आले होते, आमच्या शेजारीच उभे होते.

पहिला सामना चवथीनंतर आहे. नेहमी सगळी गर्दी समोरच्या संघाच्या गोलमागे जमते, कारण गोल तिकडे बघायला मिळतात. यंदा थोडे जण आपल्या गोलमागे येऊन उभे राहा. मुले एकमेकांशी काय बोलतात ते तिथून नीट ऐकू येते.