विस्सेन आणि केन्नेन यांना पुसदहून पत्र

रा. रा. विस्सेन आणि रा. रा. केन्नेन यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तुमच्या जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जर्मन ही काही आता पुण्या-मुंबईची चैन उरली नाही. नर्सिंग झालेली मुलं इकडेही बी-टू परीक्षेची चौकशी करतात, आणि ‘जाणणे’ या एकाच अर्थाच्या तुम्हा दोन जर्मन क्रियापदांपाशी येऊन अडतात.

पुस्तक सांगतं, माणूस असेल तर केन्नेन, माहिती असेल तर विस्सेन. हा तोडगा इंग्रजांसाठी काढलेला, कारण त्यांच्याकडे दोन्हींना मिळून एकच ‘नो’ (know). आम्ही माणसाला ओळखतो आणि गोष्ट आम्हाला माहीत असते, तेव्हा तिथवर आमचं अडत नाही. घोळ होतो तो गावांचा. ‘मला गहुली माहीत आहे’ हे केन्नेनरावांचं. ‘वसंतराव नाईक १९१३ साली गहुलीत जन्मले हे मला माहीत आहे’ हे विस्सेनरावांचं. आमच्या तोंडी दोन्हीकडे ‘माहीत’च. पण खूण मराठीतच आहे: ‘कुठे आहे ते’, ‘कोण आलं हे’, ‘येणार की नाही ते’. अख्खं वाक्य आणि त्याला बांधणारं हे-ते दिसलं, की डोळे मिटून विस्सेन.

‘ओळखणे’ मात्र फसवं. बसस्टँडवर जुना मित्र ‘ओळखलंस का मला?’ म्हणाला, तर केन्नेन चालत नाही, एर्केन्नेन लागतं. आणि ‘मला जर्मन येतं’ हे तुम्हा दोघांचंही नव्हे, ते क्योनेनचं. इंग्रजीवरून जाणारा तिथे ‘इश वाइस डॉइच’ म्हणून बसतो. ‘येतं’ म्हणणाऱ्याला तो मोहच होत नाही.

‘एर वाइस’ला, म्हणजे ‘तो जाणतो’ला, शेवटी इतर क्रियापदांसारखा ‘त’ का लागत नाही, असं मुलं विचारतात. उत्तर संस्कृतात आहे. विस्सेनराव, तुम्ही ‘विद्’ धातूच्या घराण्यातले. संस्कृत ‘वेद’ हे रूप ‘मी जाणतो’ आणि ‘तो जाणतो’ दोन्हीला सारखंच. घडण भूतकाळाची, अर्थ वर्तमानाचा, आणि मुळात भाव ‘पाहिलं आहे’ असा. तुमचं ‘वाइस’ही तसंच. केन्नेनराव ‘ज्ञा’कडचे, म्हणजे आमच्या ‘जाणणे’चे भाऊबंद. जर्मनांच्या भाषेत इतकं जवळचं गोत निघतं, हे शाळेत कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर निम्मी भीती गेली असती.

राहता राहिली तक्रार. नुसतं नाम आलं की केन्नेन, असं मी वर्गात सांगतो. पण ‘उत्तर’, ‘रस्ता’, ‘नाव’ या शब्दांपाशी विस्सेनरावही हक्क सांगत येतात. दोघंही चालतात म्हटलं, की मुलं माझ्याकडे संशयाने बघतात. हा वाटणीचा वाद तुम्ही घरातच मिटवावा आणि निकाल परीक्षेआधी कळवावा.

कळावे,
आपला,
पुसदचा एक शिकवणीवाला